बॉनेटवरचा हात

थंडीत ट्रक लवकर चालू होत नाही आणि तो चालू होईपर्यंत माणसांना बोलण्यापलीकडे काम नसतं. ट्रान्सपोर्टवाल्यांच्या घरात किस्से साठतात ते असे. ऑइलच्या रिकाम्या डब्यांसारखे. कामाचे नसतात, पण कोणी फेकूनही देत नाही.

डिझेल एकाएकी महागलं त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात मी उत्तरेकडून इंजिनिअरिंग शिकून सोलापूरला परतले. वर्गात मुलगी मी एकटीच होते. परतीच्या रेल्वेतच ठरवलं होतं, आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या यार्डात आता अंदाजाने एक नट ढिला होणार नाही. तिथे गेज असतील, कारण शोधून मगच पाना उचलणारी माणसं असतील. पहिल्या पहाटे दिसलं ते असं: कानटोप्या घातलेली माणसं एका ट्रकभोवती उभी आणि प्रत्येक जण तोंडाने इंजिनचा आवाज काढून दाखवतोय.

"टकटक हाय."

"न्हाय, खडखड हाय की."

शेवटी आप्पांनी निकाल दिला. "बेअरिंग."

आप्पांचा निकाल दर वेळी हाच असायचा.

*

तो ट्रक रेवण्णाचा. रेवण्णा मैंदर्गीचा, आमचा सर्वांत जुना ड्रायव्हर. पहाटे चादरी भरून हैदराबादला निघायचा. बाकीच्या गाड्या उन्हं चढल्यावर सुटत, त्यामुळे थंड इंजिन चालू करायची पाळी त्याच्यावरच. गाडी सुरू होताना ठोके द्यायची आणि गरम झाली की गप्प व्हायची. तिचं बेअरिंग दोनदा गेलं होतं.

"रेवण्णाचा पाय जड हाय," आप्पांनी सगळ्यांदेखत सांगितलं. "तिसऱ्यांदा गेलं तर चावी हितं ठेवायची अन् गावाकडं जायचं."

"व्हय मालक," रेवण्णा म्हणाला. स्वतःच्या बाजूने एक शब्द नाही. मी थक्क झाले.

"कारण मी शोधते," मी आप्पांना म्हणाले. "तोवर त्यांना घालवायचं नाही."

*

दुसऱ्या पहाटे यार्डात पोचले तर इंजिनखाली जाळ! मी धावत जाऊन बादली उचलली. आमचे मेकॅनिक मकबूलभाई आडवे आले.

"क्या कर्री बेटी? थंडा पानी डाली तो चेंबर फटेगा ना. ऑइल गरम कर रहे."

"मकबूलभाई, वर डिझेल आहे."

"तो? डिझेल ऊपर है. आग तो नीचे है."

मी वाकून पाहिलं. जळत्या चिंध्यांच्या कडेला कोणीतरी शेंगा भाजायला ठेवल्या होत्या. रेवण्णाने ओंजळ पुढे केली.

"घ्या अक्का. ऑइलचा वास येतुय जरा, पण लई खमंग हाईत."

*

यार्डाला लागून यंत्रमागांची शेड होती. एकदा मी गावात गेज शोधत फिरत होते, तेवढ्यात म्हणे रेवण्णाच्या गाडीतून नवाच आवाज आला, खट्याक, खट्याक. आप्पा म्हणाले, "बेअरिंग." मी परतले तेव्हा अख्खं इंजिन सुटं होऊन गोणपाटावर पसरलं होतं. बेअरिंग ठणठणीत होतं.

सकाळी सगळे त्या तुकड्यांभोवती उभे असताना आवाज सुरू झाला. खट्याक, खट्याक. सगळ्यांनी आधी गोणपाटाकडे पाहिलं, मग भिंतीकडे. शेडमधल्या एका मागाचं काहीतरी ढिलं झालं होतं.

मकबूलभाईंनी दाढी खाजवली. "चलो, एक बात तो पक्की हुई. आवाज इंजन का नहीं था."

मान वळवली नाही ती फक्त आप्पांनी. ते चहा पीत राहिले. ओशाळले असतील, असं मला वाटलं.

*

खरं कारण मला सापडलं ते इंजिन पुन्हा जोडून गाडी निघाली तेव्हा. दर फेरीला निघताना आप्पा पुढच्या चाकाशी नारळ घेऊन उभे राहत. सेल्फ मारला की रेवण्णाने लगेच तीनदा कचकचून रेस द्यायची. तिसऱ्या रेसला आप्पा मान हलवत आणि नारळ फोडत. थंडीत ऑइल काकवीसारखं घट्ट असतं. ते बेअरिंगपर्यंत पोचायच्या आत गाडी बोंबलायची. बेअरिंग खात होता आमचा रिवाज आणि दोष रेवण्णाच्या पायाला!

मी त्याला बाजूला घेतलं. "सुरू झाल्यावर थोडा वेळ रेस देऊच नका."

"मग मालकाला कळाया नगं?"

"काय कळायचं?"

"गाडी चालू झाली ते," म्हणाला आणि टायरला हवा आहे का बघायला निघून गेला.

*

तो परत आला त्याच्या दुसऱ्या दिवशी, इंजिन पुरतं गार झाल्यावर, मी आप्पांना पुरावाच दाखवायचं ठरवलं. संध्याकाळची वेळ, मागही थांबलेले. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवून मूठ कानाशी धरली की आतला ठोका डॉक्टरच्या नळीतल्यासारखा ऐकू येतो. रेवण्णाने गाडी चालू केली. मी ऐकलं आणि आप्पांना पहिल्यापासून ऐकवावं म्हणून त्याला ती बंद करायला लावली.

पुन्हा सेल्फ मारायच्या आत आप्पांनी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातातून घेतला, इंजिनला टेकवला आणि डोळे मिटले. बंद इंजिनशी ते बराच वेळ कान लावून उभे होते.

"बेअरिंगच हाय," ते म्हणाले. "पण आता लई बरं चाललंय."

कोणी हसलं नाही. मकबूलभाई खाली मान घालून पाने पुसायला लागले. रेवण्णा स्टिअरिंगकडे बघत होता. सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या घरात राहून मला तेवढं माहीत नव्हतं.

*

सकाळी यार्डात शिरतानाच माझं ठरलं होतं. आप्पा नारळ घेऊन उभे होते, रेवण्णाचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता. मी आप्पांच्या समोर जाऊन, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "आजपासून रेस बंद. मालकाने बॉनेटवर हात ठेवायचा. इंजिनची धडधड हाताला लागली की नारळ. आमच्या कॉलेजात असंच करतात."

आमच्या कॉलेजात नारळ कोणी पाहिलाही नव्हता.

आप्पा माझ्या ओठांकडे बघत राहिले.

"पढी-लिखी बच्ची बोलरी, सेठ," मकबूलभाई मोठ्याने म्हणाले.

रेवण्णाने सेल्फ मारला आणि पाय काढून घेतला. गाडी हळूहळू धडधडत राहिली. आप्पांनी नारळ काखेत धरला.

"कुठला हात?" त्यांनी विचारलं.

"उजवा," मी म्हणाले.