जर्मन पावण्याच्या हॉटेलात मी उपाशी कशी राहिले

मागच्या खेपेला दोनदा सांगितलं होतं की गारगोटीहून पुण्याला जायचं तर सकाळची सहाची एसटी धरा आणि कोल्हापूरला गाडी बदला. तरी निम्म्या जणांनी ब्लॉगच्या खाली विचारलंच, "आजी, गाडी किती वाजता?" लिहिता-वाचता तुम्हाला येतं आणि विसरताही तुम्हीच. मला एक अक्षर येत नाही, पण सांगितलेलं सगळं ध्यानात राहतं. मी बोलते आणि माझी नात शुभा ते कॉम्प्युटरवर उतरवते. या वेळी गोष्ट तिचीच आहे, त्यामुळे ती मधेमधे गाळायला बघेल. मी शेजारीच बसलेय.

शुभा पुण्यात इंजिनियर आहे. तिच्या कंपनीनं विचारलं, दोन वर्षं जर्मनीला जाणार का? सोमवारी उत्तर द्यायचं होतं. तिनं बापाला विचारलं. बाप म्हणजे माझा दत्ता, म्हशीपुढं वाघ आणि आईपुढं शेळी. तो म्हणाला, "आजी व्हय म्हणली तर जा." झालं! माझ्या डोक्यावर पाटी देऊन मोकळा. शुभाचा फोन आला, "आजी, तू ये तर खरी. तिकडचे लोक काय खातात ते इथंच दाखवते, मग ठरव." मी शनिवारी निघाले. खरं सांगू? 'न्हाय' म्हणायचं ठरवूनच निघाले होते. आमच्या घरातली पोरगी एवढ्या लांब गेली तर तिला जेवलीस का म्हणून कोण विचारणार?

कोल्हापुरातून निमआराम गाडी मिळाली. हायवे आता चौपदरी झालाय, पाच तासांत पुणं येतं. गाडी कराडच्या पुढं थांबते, तिथला चहा पिऊ नका, नुसतं गरम पाणी असतं. भाकरी-खर्डा घरून न्या. खर्ड्याचा डबा उघडला तशी शेजारची बाई म्हणाली, "वासानंच भूक लागली की वो!" तिला अर्धी भाकरी दिली. आधी दोनदा "नको" म्हणाली, तिसऱ्यांदा घेतली. चांगल्या घरची होती.

रविवारी दुपारी शुभानं आणि मी रिक्षा केली. रिक्षावाला म्हणाला, "कुठं जायचंय आजी?"

"जर्मनीला."

"मग मीटरने नाही परवडणार," तो म्हणाला. पुण्याचा असून हसला, म्हणून सांगते.

हॉटेल कल्याणीनगरात. टेबल आदल्या दिवशी फोन करून ठेवावं लागतं. एका माणसाला अडीचशेच्या आत उठता येत नाही, तेवढी तयारी ठेवा. शुभानं खाण्याची यादी माझ्यापुढं धरली. मी म्हटलं, "ते राहू दे बाजूला," आणि शेजारच्या टेबलांवरची ताटं बघून घेतली. यादी वाचायची हीच खरी रीत. एकाच्या ताटात हाताएवढं सॉसेज होतं. "डुकराचं हाय," शुभा हळूच म्हणाली. ते सोडून आम्ही कोंबडी सांगितली.

कोंबडीचा तुकडा भाकरीएवढा पातळ ठेचून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला. तिखटाचा पत्ता नाही, पण खरपूस. सोबत बटाट्याचा उकडलेला गोळा आणि त्यावर तपकिरी रस्सा. आणि कोबी. आंबवलेला! आमच्याकडं कोबी आंबला तर म्हशीच्या पुढं जातो, इथं त्याचे पैसे घेतात. बटाट्याचा गोळा मात्र मला लई आवडला. एक होता, दोन घासांत संपला.

मालक जर्मन. सहा फूट उंच, पांढरी मिशी, पोटावर एप्रन. रविवारी तो स्वतः मोठं भांडं घेऊन टेबलाटेबलाशी फिरतो आणि हवं त्याला गोळे-रस्सा वाढतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत. आमच्यापाशी आला आणि हिंदीत म्हणाला, "और?"

मी आपली रीतीप्रमाणं, "नको वो पावणं, बास झालं," म्हटलं आणि ताटावर हात आडवा धरला. बोटं फाकवून धरला. आमच्याकडं वाढणाऱ्याला कळतं, त्या फटीतूनच वाढायचं असतं. पावण्यानं माझ्या हाताकडं बघितलं, मान लववली आणि गेला. गेला म्हणजे गेलाच! मी हात तसाच धरून बसले.

"शुभे, ह्यो परत येतोय न्हवं?"

"न्हाय आजी. तू नको म्हणालीस की."

"एकदाच म्हणाले!"

"त्यांच्यात एकदाच विचारतात."

असल्या माणसाच्या घरी पाहुणे मरतील, असं म्हणणार होते. तेवढ्यात शुभाच्या ताटाकडं लक्ष गेलं. तेही लख्ख रिकामं आणि तिची नजर लांब चाललेल्या भांड्यावर. तिनंही मान हलवून "नको" म्हटलेलं. सहा महिने जर्मन भाषेचा क्लास केला, रीत मात्र माझीच.

मी ताटावरचा हात काढून घेतला आणि तिला विचारलं,

"कंपनीनं कितीदा विचारलं तुला?"

"एकदा."

"काय म्हणालीस?"

"घरी विचारून सांगते म्हटलं."

"आणि बापानं विचारलं तेव्हा?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"आता ऐक. मी पण त्या पावण्यासारखं एकदाच विचारणार. तुला जायचंय?"

ती चमचा फिरवत बसली. "आजी, तू म्हणशील..."

मी पदर खांद्यावर घेतला आणि उठायला लागले.

"जायचंय!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की सॉसेजवाला वळून बघायला लागला. "मला लई जायचंय, आजी. पहिल्या दिवसापासनं."

मी परत बसले. "मग आधीच बोलायचं की. जा. आता पावण्याला हाक मार आणि मला गोळा मागून दे."

तिनं हाक मारली, त्याच्या भाषेत मागितलंसुद्धा. भांडं संपलं होतं. पावण्याला खरंच वाईट वाटलं, पण वाईट वाटून पोट भरत नाही. स्वारगेटला उतरून आम्ही दोघींनी तीन-तीन वडापाव खाल्ले.

सोमवारी संध्याकाळी घरी पोचले तर दत्ता गोठ्याच्या दारातच उभा. "काय ठरलं?"

"मला काय इचारतोस? पोरीला इचार. आणि एकदाच इचार."

त्यानं फोन लावला, विचारलं आणि नुसतं ऐकत राहिला. फोन ठेवून म्हणाला, "व्हय म्हणाली." मग बराच वेळ म्हशीच्या पाठीवर हात फिरवत उभा राहिला. दोन वर्षं म्हणजे दोन दिवाळ्या, हे आम्हा दोघांनाही मोजता येतं.

रात्री सून वाढत होती. "आत्या, अजून एक भाकरी?"

"वाढ," मी म्हटलं. तिचा हात मधेच थांबला. चोवीस वर्षांत पहिल्या विचारण्याला मी हो म्हटलेलं नव्हतं.

"आत्या, बरं वाटतंय न्हवं तुमास्नी?"

आता शुभा बॅग भरायला घरी आलीय आणि हे टाइप करताना नाक ओढतेय. असू दे. शेवटचं लिही गं, गाळू नकोस. तिकडं म्हणे पावाचे लई प्रकार. कोणी इकडं येणारं भेटलं की त्यातला सगळ्यात काळा पाव घे, काप करून दोनदा भाज, खडखडीत वाळू दे आणि कापडात बांधून पाठव. लोणी लावू नकोस, वाटेत खवट होतं. चॉकलेट नको. हे 'नको' मात्र खरं आहे.