फियाटच्या पुढच्या सीटखालचा बोल्ट

नवऱ्याच्या कमरेच्या मणक्यातली गादी सरकली आणि दुकानातलं सीट खोलायचं काम माझ्याकडं आलं.

बारामतीत इंदापूर रस्त्याला आमचं सीट कव्हरचं दुकान आहे. लग्न करून आले तेव्हापासून मी तिथं मशीनवर बसते. ट्रॅक्टरच्या, टेम्पोच्या, मोटारसायकलच्या सीट शिवण्यात माझी वर्षं गेली. पण शिवणं वेगळं आणि गाडीत डोकं खाली घालून सीट उपसून काढणं वेगळं. ते काम नवरा करायचा. आता तो कमरेला पट्टा बांधून काउंटरमागं बसायचा आणि मी बाहेर कामाला गेले की सारखा व्हिडिओ कॉल लावायचा. कुठला पाना लावलास, दाखव. फोन जरा पुढं धर. कोण आहे तिथं? काळजी होती ती, मला कळायचं. तरी गावाबाहेर जाऊनसुद्धा मी दुकानातच बसलेय असं वाटायचं.

निमगाव केतकीच्या एका आबांची जुनी फियाट होती. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. गुडघे गेल्यामुळं आता गाडी चालवता येत नव्हती, पण रोज सकाळी ते ती जागेवरच दहा मिनिटं चालू ठेवायचे आणि बंद करायचे. पुण्यातल्या मुलाला हौस आली, म्हणून सीट नव्या करायच्या ठरल्या. आबांची अट एकच होती. गाडी गेटाबाहेर जाणार नाही. सीट तिथंच काढायच्या, दुकानात न्यायच्या आणि तिथंच आणून बसवायच्या.

मी गेले त्या दिवशी आबा शेतावर ठिबकचं काम बघायला गेले होते. घरी त्यांच्या पत्नी, काकू, एकट्याच होत्या. बुटक्या, सत्तरीच्या आसपासच्या. पत्र्याच्या शेडचं दार उघडून त्या बाजूला खुर्ची टाकून बसल्या.

मागची सीट लवकर निघाली. पुढची मात्र हलेना. या गाडीला पुढं एकच लांब बाक असतो आणि तो दोन पट्ट्यांवर पुढंमागं सरकतो. तो सरकल्याशिवाय मागचे नट हाताला लागत नाहीत. मी खटका ओढला, तेल सोडलं, पाय लावून रेटलं. काही नाही. शेवटी पाय बाहेर, डोकं स्टिअरिंगखाली अशी आडवी शिरले आणि टॉर्च मारला. पत्रा तापला होता. जुन्या काथ्याचा भुगा डोळ्यांत पडत होता, हात फिरवायला जागा नव्हती. तेवढ्यात फोन वाजायला लागला. तो घ्यायला हात वर नेता येईना आणि बाहेरही पटकन निघता येईना. वाजून वाजून फोन थांबला, तेव्हा कुठं मला समोरचं नीट दिसलं.

पट्टीला आरपार भोक पाडून जाड बोल्ट घातलेला होता. मूळ गाडीतला नव्हताच तो. वर त्याचं टोक ठोकून चपटं केलेलं, म्हणजे पान्यानं निघू नये. सीट पार मागच्या टोकाला कायमची जखडून टाकली होती.

मी बाहेर आले आणि काकूंना विचारलं, हा बोल्ट कुणी टाकला?

त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी टाकलाय त्यो."

माहेरी कोऱ्हाळ्याला असताना भावानं त्यांना ट्रॅक्टर आणि जीप शिकवली होती. सासरी ते कुणाला ठाऊक नव्हतं. मुलं लहान असताना एकदा धाकटी तापानं फणफणली. आबा पुण्याला गेले होते. काकूंनी सीट पार पुढं ओढली, लेकीला मागं झोपवलं आणि गाडी इंदापूरला दवाखान्यात नेली. संध्याकाळी नीट परत आणून शेडमध्ये लावली. आबा आल्यावर गावातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं. ते रागावले नाहीत, एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला घेऊन गेले. त्यानंतर काकूंचे पाय कधी क्लचला पोचले नाहीत.

"भांडले असते तर मीबी भांडले असते," त्या म्हणाल्या. "पण बोल्टाशी काय भांडायचं?"

मी लोखंडाची करवत घेतली आणि बोल्ट कापला. वेळ लागला. सीट सरकली तेव्हा काकू उठून आल्या आणि त्या फाटक्या बाकावर बसल्या. मी सीट पुढं ढकलली. त्यांनी चप्पल काढून तिन्ही पेडल एकेक करून दाबले. मग उतरल्या आणि चहा ठेवायला गेल्या.

दुकानात मी सीट सांगाड्यापर्यंत सोडवली. तारेच्या कड्या पक्कडीनं तोडल्या, काथ्या झटकला, दोन स्प्रिंगा बदलल्या, नवं गोणपाट, फोम आणि वर तांबडं रेक्झिन चढवलं. आठ दिवसांनी बसवायला गेले तेव्हा आबा काठी टेकून शेडमध्येच उभे होते. काम त्यांना आवडलं. मग त्यांनी काठीनं खटका दाखवला.

"हितं एक बोल्ट हुता."

मी म्हणाले, तो सडला होता. सीट सरकती असलेली बरी.

"गाडी माझी हाय, ताई. हुता तसा टाका."

काकू दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी मान खाली घातली. एवढ्यात नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, गिऱ्हाईक म्हणतंय तसं कर, वाद घालू नकोस. मी पुन्हा स्टिअरिंगखाली शिरले. भोक तयारच होतं. नवा बोल्ट घालून नट आवळताना हातातला पाना टाकून द्यावा असं वाटलं. टाकला नाही. शेवटपर्यंत आवळला.

पुढं दोन-तीन महिने ते माझ्या डोक्यातून जाईना. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, आपण काम केलं, त्यांचं घर ते बघतील.

मग एक दिवस काकू एसटीनं बारामतीला आल्या. आबा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुलाकडं पुण्याला जाणार होते, महिनाभर तिकडंच राहणार होते. जनावरं बघायला काकू घरीच राहणार होत्या. त्यांना पाठीला लावायची जाड उशी पाहिजे होती. मी म्हणाले, त्यापेक्षा मीच येते, बोल्ट काढून देते.

"नको, त्यांना कळंल. उशी गाडीत ऱ्हात न्हाय, काढून ठिवता येती."

मी त्यांना दुकानातल्या स्टुलावर भिंतीला टेकून बसवलं, पाय लांब करायला लावले आणि टेपनं माप घेतलं. फोमचे तीन थर एकावर एक चिकटवले, वर उरलेलं तांबडं रेक्झिन शिवलं. काकूंनी ती उशी पिशवीत घालून नेली.

पंधरा-वीस दिवसांनी त्यांचा फोन आला. सकाळी गाडी गेटाबाहेर काढली होती. दोनदा बंद पडली. कालव्याच्या रस्त्याला वळवायला जागा मिळेना, म्हणून लांबपर्यंत जावं लागलं, असं त्या हसत सांगत होत्या.

नवरा समोरच बसला होता. कुणाचा फोन, त्यानं विचारलं.

गिऱ्हाईकाचा, मी म्हणाले. उशी बरोबर बसली म्हणतायत.