डुकरांसाठी आणलेली दुर्बीण

स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी आमचे हे पलटणीतून पेन्शनीत आले, आणि त्याच साली चिखलीच्या आमच्या शेतात रानडुकरं भुईमूग उकरायला लागली. राखणीला रायफल होती, पण यांना लांबचं नीट दिसेना. म्हणून पुण्याच्या जुन्या बाजारातून रायफलीवर बसवायच्या दोन दुर्बिणी पसंतीला आणल्या. एक ठेवायची, दुसरी परत.

भर दुपारी बांधावर बसून यांनी लांबच्या देवळाचा कळस न्याहाळला. लांबुडक्या, बारीक दुर्बिणीतून कळसावरचा कावळासुद्धा केवढा मोठा दिसत होता. "हीच ठेवायची!" म्हणाले.

मला मात्र स्वस्थ बसवेना. दिवेलागणीला दोन्ही दुर्बिणी मी आळीपाळीनं डोळ्याला लावल्या. लांबुडकीत नुसता काळोख. रुंद काचेच्या आखूड दुर्बिणीत भुईमुगाच्या ओळी अजून दिसत होत्या.

"अहो, डुकरं दुपारी येत्यात व्हय?" मी विचारलं.

यांनी दुसऱ्याच दिवशी लांबुडकी परत केली. पुढं डुकरं किती मारली ते मात्र विचारू नका. संध्याकाळ झाली की दुर्बीण माझ्या डोळ्याला, आणि हे नुसती रायफल घेऊन शेजारी बसलेले.