उतरायचं गवत

वाळक्या गवताचा वास आला की अजून माझी मूठ आपोआप आवळते. लढाईचे दिवस होते, नवरा पलटणीत होता आणि मी सासूबरोबर महाबळेश्वराखालच्या कड्यावर म्हशीसाठी गवत कापायला गेले होते. नव्या सुनेची हौस. हाताला येईल ते बुडख्यापासून कापून खाली टाकत मी सरसर वर चढले. उतरायला वळले तर खाली नुसता भादरलेला कातळ! ज्या झुबक्यांना धरून उतरायचं, तेच मी कापून टाकले होते. वरच्या उरल्या झुबक्यावर बोटं आखडली. सासू खालून ओरडली, “हलू नगंस! आदी दम खा. मूठ ढिली कर.” मी तापल्या कातळाला गाल टेकून राहिले. हळूहळू बोटं सैल झाली. “आता डाव्या अंगाला कपार हाय बघ. पाय कुटं ठेवायचा ते ठरीव, मगच उचल.” तसं एकेक पाऊल ठरवत मी कशीबशी खाली आले. “चढतानाच उतरायचं गवत राखावं, बाई,” एवढंच ती बोलली. पण मला मूठ ढिली करायला सांगणाऱ्या त्या बाईनं घर येईपर्यंत माझं मनगट सोडलं नाही. माझ्याइतकीच तीही भ्याली होती, हे मला स्वतः सासू झाल्यावर कळलं.