पारा जातो कुठे

जोतिबाने उमेदीची सगळी वर्षं कोईमतूरला गलाईत काढली. विट्याकडची कितीतरी माणसं याच धंद्यापायी देशभर पांगलेली. मोडीचं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं. छातीनं दगा दिला तेव्हा तो गावी परतला आणि येताना दुकानातला केर आणि राख पोत्यांत भरून घेऊन आला. ही त्यांची रीतच. दुकान सोडताना चटई, फळ्या, केरसुणीसुद्धा जाळायची, कारण राखेत सोन्याचे कण असतात. राख पाऱ्यात घोळायची, पारा सोनं धरतो. मग कापडातून पिळून उरलेला गोळा तापवायचा. पारा उडतो, सोनं उरतं.

माणूस कष्टाळू, पण हट्टी म्हणजे किती! हे सगळं तो स्वयंपाकघरातल्या शेगडीवर करायचा, तेही खिडक्या लावून. सोनं शेजाऱ्यांच्या नजरेला पडू नये म्हणून. बायको संयोगिता तिथंच भाकरी थापायची. पावसाळ्यात तिला खोकला झाला, धाप लागली, आणि आठवड्याच्या आत ती गेली. न्यूमोनिया, असं सगळे म्हणाले.

त्यांची प्रांजल माझ्या दहावीच्या वर्गात. पोरीचं अक्षर सुरेख. दिवाळीनंतर बघते तर अक्षरं ओळ सोडून पळत होती, हातातलं पेन थरथरत होतं. मी तडक घरी गेले. शेगडीवर मूस चढलेली, खिडक्या बंद. माझं डोकंच फिरलं.

"जोतिबा, बायको गेली तरी तुमचं हे चालूच?"

"आवं बाई, त्येचा काय संबंध? पारा जळून जातुय की. ऱ्हातुय कुठं?"

मग वर्गात शिकवते तेच सांगितलं. सोन्याच्या अणूत एकोणऐंशी प्रोटॉन. आवर्तसारणीत त्याच्या लगतच्या घरात पारा, त्याचे ऐंशी. "तुमच्या शेगडीची आच केंद्रकापर्यंत पोचतच नाही. पारा जळत नाही, त्याची वाफ होते. भिंतीवर बसतो, श्वासातून आत जातो, आणि तिथेही पाराच राहतो."

त्याला पटेना. मी स्टुलावर चढून वरच्या पत्र्याची काजळी बोटानं खरवडली. बोटावर बारीक चंदेरी मणी चमकले. उभा जन्म हेच करत आलेला माणूस, त्याला ओळखायला वेळ लागला नाही. त्यानं शेगडी विझवली. मला त्याचा राग आला होता, आता कीव आली.

प्रांजलला सांगलीला नेऊन तपासलं. लघवीत पारा निघाला. हळूहळू बाहेर पडेल, डॉक्टर म्हणाले, पण हात कितपत सावरेल ते सांगता येत नाही. ती आत होती. आम्ही दोघं बाहेर बाकावर.

"बाई, त्यो जळतच न्हाई म्हनता?"

"नाही."

"मग हिला अग्नी दिला तवा, हिच्या आंगातला धुरासंगं परत भाईर पडला आसंल."

मी प्रांजलच्या दाराकडे पाहिलं.

"प्रांजल सरनापासनं हलत नव्हती. लोकं मागं वडत हुती. मीच म्हनलं, ऱ्हाऊ द्या तिला आईजवळ."