शिडीवरची विभूती

दुबलगुंडीचा लाइनमन बंडेप्पा म्हणजे कामाला वाघ आणि ऐकण्याच्या नावानं शंख. बांबूची जड शिडी जाऊन फायबरची पिवळी शिडी मिळाली, तेव्हा त्यानं ती नव्या बैलासारखी गावभर मिरवली. खंडेनवमीला हत्यारांची पूजा. शिडीला लिंबू-मिरची बांधायची, पण फायबरात खिळा शिरेना. मग या पठ्ठ्यानं ड्रिल आणून दोन्ही दांड्यांना आरपार भोकं पाडली.

समोरच माझं जळक्या मोटारींत तांब्याची तार भरायचं दुकान. मी ओरडलो, "आरं, काचेच्या धाग्याची कापडं थरावर थर चिकटवून केलेली दांडी हाय ती! भोक पाडल्यावर सगळा भार त्याच्या कडंला दाटतोय. मग थर सुटत्यात, चपातीचे पदर सुटल्यावानी."

"अण्णा, देवासाठी पाडलेलं भोक हाय ते," तो म्हणाला.

दर सोमवारी तो भोकांभोवती विभूती फासायचा. पुढं पुढं त्यानं पाय ठेवला की शिडी 'कट्' असा आवाज करू लागली. लोक म्हणायचे, पाल चुकचुकली. मी मात्र हातातलं काम टाकून शिडीकडं बघायचो.

एका सोमवारी त्याची बायको महानंदा ओल्या फडक्यानं शिडी पुसत होती. राख गेली, पण भोकाभोवती बोटभर पांढरं तसंच राहिलं. घासघास घासलं तरी जाईना.

"अहो, हे पांढरं कामून जाईना झालंय?"

बंडेप्पानं हात जोडले. "विभूती मुरलीय त्यात. बसवण्णाची किरपा!"

थर आतून सुटून पांढरे पडले होते ते. मी दुकानातून धावत येईपर्यंत त्यानं वर ताजी विभूती फासली होती, आणि माझं न ऐकताच शिडी खांद्यावर टाकून तो निघाला.

दुपारी वेशीजवळच्या खांबावर चढताना दांडी भोकाशीच फाटली आणि तो खाली आला.

जीव वाचला, कमरेखालचं सगळं गेलं. कलबुर्गीच्या दवाखान्यात शुद्धीवर येताच त्यानं बायकोला विचारलं, "विभूती पुसलीस कामून?" खाटेभोवती जमलेल्या गावकऱ्यांनीही तेच धरलं. महानंदानं मान खाली घातली. मला एवढा संताप आला, की मी तिथून उठून बाहेर गेलो.

आता शिवशंकर नावाचा नवा लाइनमन आलाय, नवी कोरी शिडी घेऊन. परवा महानंदा माझ्याकडं ड्रिल मागायला आली, त्याच्या शिडीला लिंबू-मिरची बांधायची म्हणून. मी दिलं नाही, वर तोंडाला येईल ते बोललो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "त्याच्यावर तरी ही पाळी येऊ नये, अण्णा," एवढंच म्हणाली, आणि पलीकडच्या दुकानातून ड्रिल घेऊन गेली.