उल्काताईचं एक भाषांतर

उल्काताई जपानात, फुनाबोरीत आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायची. नवऱ्यांच्या आयटीच्या नोकऱ्यांमागे पुण्याहून आलेल्या आम्ही बाकीच्या बायका कचरा वेगळा करण्यापुरतं जपानी शिकलो. ही बया मात्र इरेला पेटून शिकली. कुणी मराठी माणूस पोलिसांना सापडला की दुभाषी म्हणून तिला फोन यायचा. समोरून 'उल्का-सान' ऐकलं की तिची मान ताठ. आम्ही चिडवायचो, "आल्या फौजदारीणबाई!"

माझे सासरे मोरेश्वरराव सांगलीहून येऊन आठवडाच झाला होता. त्यांची आणि उल्काताईची अजून गाठ पडली नव्हती. साखरेचं दुखणं जुनं, पण कबूल करतील तर शपथ! त्या सकाळी इन्सुलिन टोचून, कपभर दूध पिऊन ते फिरायला निघाले आणि मी ऑफिसला गेले.

दुपारी घरी फोन केला. कोणी उचलेना. पुन्हा केला, पुन्हा केला.  नवरा क्लायंटकडे, त्याचा मोबाइल बंद. शेवटी उल्काताईला गाठलं.

"बाबा घरी नाहीत गं! इन्सुलिन घेतलंय, पोटात फक्त कपभर दूध. त्यात आज त्यांची संकष्टी."

 तिनं बारीक आवाजात विचारलं, "खर्जातला आवाज? दर वाक्याला 'बघा' म्हणतात?"

"हो!"

"अगं आई गं! ते पोलीस ठाण्यात आहेत."

शाळेच्या कुंपणाशी उभे राहून बाबा पोरांचा खेळ बघत होते. कुणीतरी तक्रार केली. पासपोर्ट घरी, पत्ता पाठ नाही. पोलिसांनी बसवून ठेवलं आणि फोनवर दुभाषी घेतली ती हीच; नाव मात्र तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"आजार विचारला, तर म्हणाले ठणठणीत आहे बघा. डबा देऊ का विचारलं, तर म्हणाले मी आज जेवणार नाही. आणि मी मूर्खासारखं सांगितलं, खाणार नाही म्हणतात!"

 संकष्टीला आपण जेवत नाही, पण केळं खातो, दूध घेतो. हे त्या पोलिसांना कोण सांगणार? त्यांना वाटलं असणार, म्हातारा निषेध म्हणून उपोषणाला बसलाय. मग बाबांना खायचं पुन्हा कुणी विचारलंच नसेल.

"तू हो पुढे," मी ओरडले, "मी पासपोर्ट घेऊन येते."

 देवा गणपतीराया, तुझाच उपास धरलाय त्यांनी, एवढंच मी ट्रेनमध्ये पुटपुटत होते.

ठाण्यात पोचले तर काउंटरवर उल्काताईचा आवाज चढलेला. समोरचा अधिकारी अगदी नम्रपणे थांबा, थांबा करत होता. ते झोपलेत, उठवायचं कशाला, असं त्याचं म्हणणं; हे सगळं जपानी बोलणं मला उल्काताईनंच मागाहून सांगितलं. "झोपले नाहीत, बेशुद्ध पडतायत!" ती जपानीत किंचाळली. तेव्हा कुठे दार उघडलं.

बाबा घामानं निथळत होते. हाक मारली की डोळे उघडत, पण ओळख नाही. उल्काताईनं कोपऱ्यावरच्या कॉन्बिनी दुकानातून आणलेला संत्र्याचा रस घोटघोट पाजला. बऱ्याच वेळानं ते मला म्हणाले, "तू ऑफिसला नाही गेलीस?" मी तिथंच भोकाड पसरलं.

ॲम्ब्युलन्स आली. बाबांना नेताना अधिकाऱ्यानं उल्काताईला विचारलं, "यांनी आजार लपवला, खरं ना?" नुसतं 'हो' म्हणून तिला सुटता आलं असतं. तिच्या भाषांतराचा विषयच निघाला नसता.

"लपवला," ती म्हणाली. "पण अन्न नाकारलं नव्हतं. ते बरोबर बोलले, मी चूक सांगितलं." आणि माफी मागत, जपानी रीतीनं कमरेत वाकून तशीच उभी राहिली. मला तिचा राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण तिला तसं वाकलेलं बघवेना.

पोलिसांचा फोन तिला त्यानंतर कधीच आला नाही.

बाबा मात्र सांगलीहून आजही फोन करून तिला म्हणतात, "पोरी, तुझ्यामुळे वाचलो बघा."

आणि ती दर वेळी म्हणते, "काका, उपाशीसुद्धा मीच ठेवलं होतं तुम्हाला."